पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स विमानांकडे वळते तेव्हा

नाशिकमध्ये टेलिफोटो लेन्स बाळगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी ती नांदूरमध्यमेश्वरसाठी घेतलेली असते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा जलाशय जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. थंडीत चापडगावच्या बाजूला पहाटेपासून कॅमेरे लागतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हे त्यांचे मानकरी. मार्च संपता संपता पाहुणे परततात आणि एवढी महागाची लेन्स कपाटात जाते.

पण त्याच निफाड तालुक्यात ओझरही आहे. १९६४ पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-२१ तिथे बांधलं गेलं, मग मिग-२७, त्यानंतर सुखोई-३० एमकेआय, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच आकाशात गेलं. लहानपणापासून डोक्यावरून जाणारा तो आवाज नाशिककरांच्या सवयीचा आहे. म्हणून इथल्या पक्षी टिपणाऱ्यांची लेन्स कधी ना कधी विमानाकडे वळतेच.

वळल्यावर काय होतं, ते सांगण्यासारखं आहे. पक्ष्याचा फोटो बिघडला तर दोष बहुधा आपल्या हातात किंवा घाईत सापडतो. विमानाचा फोटो बिघडतो तेव्हा कारण अनेकदा हवेत, धावपट्टीच्या दिशेत, पंख्याच्या फेऱ्यांत किंवा तापमानात असतं. ते कारण कळल्याशिवाय पुढचा फोटो सुधारत नाही. ते शोधता शोधता माणूस वारा, दवबिंदू, फ्लॅप, इंजिन यांत शिरतो आणि मग बाहेर पडत नाही. पुढे लिहिलंय ते याच क्रमाने: फोटोत काय दिसतं आणि त्यामागे विमानाचं काय असतं.

आधी कायद्याचं, कारण नाशिकमध्ये ते वगळून या छंदाबद्दल बोलताच येत नाही. ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे आणि शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे, देवळालीला तोफखाना. ओझरला प्रवासी विमानं उतरतात म्हणून ती जागा नागरी होत नाही. कुंपणाच्या आतून, बाहेरून, समोरच्या शेतातून किंवा विमानाच्या खिडकीतून, तिथे कॅमेरा काढू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि आजही पूर्ण लागू आहे. संरक्षण दलांच्या विमानतळांवर प्रवाशांनी फोटो काढू नयेत, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. ड्रोनच्या बाबतीत तर जास्तच जपा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उड्डाणाची मर्यादा फक्त २०० फूट आहे, त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवताच येत नाही, आणि लष्करी जागांभोवतीची लाल, म्हणजे ड्रोनबंदीची, क्षेत्रं निराळी. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय नाशिक परिसरात ड्रोन पेटीबाहेर काढू नये.

मग उरतं काय? बरंच. घराची गच्ची, डोक्यावरून दहा किलोमीटर उंचीवर जाणारी विमानं, रात्रीचं आकाश, संग्रहालयं आणि लोकांसाठी भरणारी हवाई प्रदर्शनं. कुंपणाशी चोरून घेतलेल्या फोटोपेक्षा गच्चीवरून घेतलेला साधा फोटो जास्त शिकवतो, हे मी मनापासून सांगतो.

पक्षी टिपणाऱ्यांना पहिला सुखद धक्का बसतो तो वेगाचा. विमान वेगवान, म्हणजे अवघड असणार असं वाटतं. हिशोब करून बघा. उतरणारं ए३२० हे एअरबसचं प्रवासी विमान ताशी सुमारे २५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटरने येतं. आपण ३०० मीटर दूर असू तर ते समोरून जाताना लेन्स सेकंदाला साधारण १३ अंश फिरवावी लागते. नदी सुरय मात्र ताशी ३६ किलोमीटरने ३० मीटरवरून गेला की सेकंदाला १९ अंश फिरावं लागतं, आणि वर तो मध्येच गिरकी घेतो. ज्याने सुरय फ्रेममध्ये धरला त्याला प्रवासी विमान जड नाही. तरी ३०० मिमी लेन्सला एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर आडवा कोन मिळतो जेमतेम साडेचार अंश. लेन्स स्थिर ठेवली तर विमान एक तृतीयांश सेकंदात फ्रेमबाहेर जातं. म्हणून पॅनिंग, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवत नेणं, हवंच. पाय जिथे विमान शेवटी जाणार त्या दिशेला रोवा, कंबरेतून वळून सुरुवातीच्या दिशेला या आणि विमानाबरोबर मोकळे होत जा. उलट केलं तर ऐन मोक्याला कंबर अडते आणि फ्रेम हिसका खाते. लेन्समध्ये स्थिरीकरणाचे दोन मोड असतील तर पॅनिंगचा निवडा. साधा मोड आडवी हालचालही थोपवायला बघतो आणि चित्र फाटल्यासारखं येतं.

ऑटोफोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवा. निळ्या रिकाम्या आकाशात तो भटकतो, कारण पकडायला कडाच नसते. विमान यायच्या आधी क्षितिजावरच्या झाडावर किंवा लांबच्या ढगावर फोकस करून ठेवा. लेन्सवर फोकस मर्यादेची कळ असेल तर जवळचं अंतर बंद करा. फोकसबिंदू विमानाच्या पांढऱ्या सपाट पोटावर न ठेवता कॉकपिटच्या काचा, कंपनीच्या नावाची अक्षरं किंवा इंजिनाची कड यांवर ठेवा.

प्रकाशमापन हाताने करणं चांगलं. स्वच्छ उन्हात एफ/८, १/१००० सेकंद आणि आयएसओ २५० ही सुरुवात. पांढरं विमान असेल तर एक तृतीयांश स्टॉप कमी. कॅमेऱ्यावर सोडलं तर मागे आकाश असताना विमान काळवंडतं, मागे डोंगर आला की तेच विमान पांढरंफटक होतं, आणि विमानावर पडणारं ऊन तर दोन्ही वेळी तेच असतं. ढगाळ दिवशी कॅमेऱ्याच्या मापनावर काम करायचं तर +१ पर्यंत भरपाई द्या. आणखी एक, पक्ष्यांच्या फोटोत कधी न जाणवलेली गोष्ट म्हणजे सेन्सरवरची धूळ. झाडाझुडपांच्या पार्श्वभूमीत ती लपते. निळ्या आकाशात एफ/११ ला प्रत्येक कण काळ्या ठिपक्यासारखा उभा राहतो. निघण्यापूर्वी कोऱ्या आकाशाचा एक फोटो घेऊन संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा.

आता वारा. बदकं पाण्यावरून उठताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणून जाणकार पक्षी छायाचित्रकार वारा पाठीवर घेऊन बसतो. विमानाचंही तसंच आहे. समोरून वारा आला की जमिनीच्या तुलनेत कमी वेगातही पंखावर पुरेशी हवा मिळते आणि कमी धावपट्टी लागते. धावपट्टीचे आकडे हे तिच्या चुंबकीय दिशेचे दशक असतात. ०९ म्हणजे साधारण ९० अंश, पूर्वेकडे तोंड. तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून २७, पश्चिमेकडे तोंड. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ आहे. वारा पश्चिमेचा असेल तर विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर उतरतात. पहाटे निघून मुंबईला जायचं आणि विमानं दुसऱ्याच टोकाला उतरायची, हे टाळायचं असेल तर मेटार वाचायला शिका.

मेटार म्हणजे विमानतळाचं हवामान-वृत्त. मुंबईचं दर अर्ध्या तासाने येतं आणि कुणालाही वाचता येतं. त्यात वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ‘२७०१२केटी’ म्हणजे २७० अंशाकडून १२ नॉटचा वारा. पुढे ‘३५००’ दिसलं तर दृश्यमानता साडेतीन हजार मीटर, आणि जोडीला ‘एचझेड’ असेल तर हवेत धुरकं. दृश्यमानता पाच हजारांच्या खाली असताना ६०० मिमीची लेन्स नेऊन काही उपयोग नाही, राखाडी पडद्यामागचं राखाडी विमान मिळतं. ‘३१/२४’ म्हणजे तापमान ३१ आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २४. या दोन आकड्यांतलं अंतर फोटोसाठी सोन्यासारखं आहे. ते दोन-तीन अंशांवर आलं, म्हणजे पावसाळ्यातल्या दमट सकाळी, की उतरणाऱ्या विमानाच्या पंखावर पांढरी वाफ उमटते. पंखाच्या वरच्या बाजूला दाब उतरतो, दाबाबरोबर तापमान उतरतं आणि हवेतलं बाष्प क्षणभर धुकं होतं. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या; त्यांच्या बाहेरच्या कडेपासून दोऱ्यासारख्या रेघा सुटतात, ते तिथल्या भोवऱ्यांचं केंद्र. पंख विमानाला कसा उचलून धरतो हे पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीपेक्षा अशा एका फोटोत लवकर पटतं. मागे काळा ढग, १/१००० शटर आणि विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आलेलं, एवढं जुळायला हवं.

पक्ष्यांचे जुने फोटो या टप्प्यावर पुन्हा उघडून पाहावेत. पाण्यावर उतरणाऱ्या चक्रवाकाचा फोटो मोठा करा. पंख मागच्या बाजूने खाली वाकलेला, शेपटी पसरलेली, पाय पुढे, आणि पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्याची छोटी पिसं उचललेली. उतरणारं विमानही हेच करतं. मागच्या कडेचे फ्लॅप खाली, पुढच्या कडेचे स्लॅट पुढे आलेले, चाकं बाहेर. वेग कमी असताना हवा पंखाला चिकटून राहावी यासाठीचा हा खटाटोप, बदकाचाही आणि ए३२० चाही. घारीच्या पंखाच्या टोकाची सुटी बोटांसारखी पिसं आणि विमानाच्या पंखाचं वर वळलेलं टोक यांचंही नातं आहे. टोकाशी तयार होणारा भोवरा दोन्ही आपापल्या परीने मवाळ करतात.

पंखा असलेल्या विमानांकडे वळलं की पहिला मोठा अपघात शटरचा होतो. जेटसाठी १/१००० ची सवय लागलेली असते, त्याच मापात एटीआर ७२ टिपलं की पंखा गोठतो आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. किती हळू जायचं हे अंदाजाने ठरवू नका, गणित सोपं आहे. एटीआर ७२ च्या आत्ताच्या मॉडेलांच्या पंख्याला सहा पाती असतात, म्हणजे दोन पात्यांमध्ये ६० अंश. उड्डाणाच्या वेळी पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, सेकंदाला २०. शटर १/१००० असताना पातं फक्त ७ अंश सरकतं. १/२५० ला जवळपास २९ अंश, म्हणजे अर्धी जागा भरते. १/१२५ ला ५८ अंश, आणि इथे सहा पाती मिळून जवळजवळ पूर्ण चकती तयार होते. त्याहून हळू गेलं तर पॅनिंगची परीक्षा वाढते, पंख्याला नवीन काही मिळत नाही. म्हणून एटीआरसाठी १/१२५ ते १/२५०. उंचीवर स्थिरावल्यावर फेरे ८२ टक्क्यांवर, हजाराच्या जरा खाली येतात. खिडकीतून पंखा टिपायचा तर तेही धरायचं.

हेलिकॉप्टरचं गणित आणखी कठीण. चेतकच्या मुख्य पंख्याला तीनच पाती आणि फेरे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास. १/१२५ ला पातं जेमतेम १७ अंश सरकतं. पूर्ण चकती हवी तर १/२० च्याही खाली उतरावं लागेल, तिथे हातातला कॅमेरा टिकत नाही. हवाई प्रदर्शनात १/६० ला मिळणारी ३५ अंशांची फराटी पुरेशी मानावी. ३०० मिमीवर १/१२५ ला सुरुवातीला दहातले दोन-तीन फोटो धारदार आले तरी ठीक चाललंय असं समजा. लांब सलग फ्रेम घ्या आणि घरी निर्दयपणे पुसा.

सगळ्यात जास्त फोटो मात्र गरम हवा खाते, आणि लोक लेन्सला दोष देत बसतात. पक्षी ३० मीटरवर, पाण्यावरच्या गार हवेत असतो. विमान ८०० मीटरवर, तापलेल्या डांबरावर. मधली हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते. दोष कुणाचा हे ओळखायला सलग दहा फ्रेम घ्या आणि शंभर टक्के मोठ्या करून नोंदणीची अक्षरं बघा. प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरांच्या कडा वेगवेगळ्या वाकल्या असतील तर ती हवा. सगळं एकाच दिशेला सारखं ओढलं गेलं असेल तर शटर किंवा पॅनिंग. विमान मऊ आणि मागचं किंवा पुढचं गवत टोकदार असेल तर फोकस. हवा असेल तर महागातली लेन्सही काही करू शकत नाही. सकाळी नऊच्या आत काम उरका, किंवा विमान क्षितिजापासून पंधरा-वीस अंश वर येईपर्यंत थांबा. नजरेची रेघ तापलेल्या थरातून सुटली की चित्र एकदम स्वच्छ होतं.

हीच गरम हवा वैमानिकालाही छळते, आणि मला वाटतं फोटोतून विमानविद्येत शिरण्याची सर्वांत चांगली वाट ही आहे. तापलेली हवा विरळ असते. पंखाला कमी पकड मिळते, इंजिनाला कमी हवा मिळते, धावपट्टी जास्त लागते. वैमानिक याला घनता-उंची म्हणतात. नाशिकसाठी मांडून बघा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे २००० फुटांच्या जरा खाली. त्या उंचीवर प्रमाण वातावरणात तापमान ११ अंश असायला हवं. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश असेल तर २९ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे जवळपास ३५०० फूट वर. एकूण झाले ५४०० फूट, साधारण १६५० मीटर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. म्हणजे मेमधल्या दुपारी नाशिकहून उडणाऱ्या विमानाच्या दृष्टीने धावपट्टी कळसूबाईच्या माथ्यावर नेऊन ठेवलेली असते. तुमच्या फोटोतली थरथर आणि वैमानिकाच्या तक्त्यातली लांबलेली धाव, कारण एकच.

सूर्याची बाजूही इथल्या अक्षांशावरून ठरते. पूर्व-पश्चिम धावपट्टीच्या दक्षिणेला उभं राहिलं की वर्षातला बहुतेक काळ ऊन आपल्या पाठीवर आणि विमानाच्या अंगावर पडतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य इथे ४७ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे थंडीतला दिवस बराच वेळ कामाचा असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तो थेट डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैअखेरीपर्यंत दुपारी तिकडेच राहतो. त्या दिवसांत दुपारी विमानाचं पोट काळंच येणार.

आता गच्ची. नाशिकवरून उंचावरची वाहतूक दिवसरात्र चालते. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर प्रकार, उंची आणि दिशा दिसते. बोईंग ७७७-३००ईआर चे पंख टोकापासून टोकापर्यंत ६४.८ मीटर. दहा किलोमीटर अंतरावर ६०० मिमी लेन्सने सेन्सरवर त्याची रुंदी ३.९ मिमी येते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात म्हणजे जवळपास हजार पिक्सेल. इंजिनं मोजायला, रंगसंगती ओळखायला भरपूर. ३०० मिमी असेल तर पाचशे, तेही वाया जात नाहीत. पण हे विमान अगदी माथ्यावर असतानाच. क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर अंतर दुप्पट होतं, पिक्सेल निम्मे होतात आणि मधलं धुरकं वाढतं. म्हणून ६० अंशांच्या वर येईपर्यंत शटर दाबू नका. ट्रायपॉड इथे अडचणच करतो. आरामखुर्चीत मागे रेलून, कोपर छातीला टेकवून घेतलेले फोटो बरे येतात. पावसाळा संपल्यावर, हवा धुतली गेल्यावर, ऑक्टोबरची पहाट उत्तम.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. एका विमानामागे पांढरी रेघ, दुसऱ्यामागे काहीच नाही, असं का? इंजिनातून पाण्याची वाफ बाहेर पडते. बाहेरची हवा साधारण उणे ४० अंशांहून थंड असली तरच तिचे बर्फकण होऊन रेघ उमटते. उंचीबरोबर दर हजार फुटांना तापमान दोनेक अंशांनी उतरतं. आपल्या अक्षांशावर वरची हवा युरोपाच्या मानाने उबदार, ३५,००० फुटांवर उणे ४० च्या आसपास, अगदी सीमारेषेवर. म्हणून ३३,००० वरचं विमान कोरं जातं आणि ३९,००० वरचं रेघ ओढत जातं. रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी, लांब राहून पसरली तर दमट. उंचीचे आकडेही मनमानी नसतात. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर, म्हणजे ३३, ३५, ३७, आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, ३४, ३६, ३८. महिनाभर नोंद ठेवली की ॲप न उघडता दिशेवरून शक्य उंच्या सांगता येतात.

नोंदीसाठी एकच अट: कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लावा. फोटोतली वेळ आणि ॲपमधला मागचा मार्ग जुळवला की कुठलं विमान होतं हे पक्कं कळतं. घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर एवढ्या वेळात विमान तीस किलोमीटर गेलेलं असतं आणि भलतंच नाव लागतं. वहीत तारीख, वेळ, नोंदणी, प्रकार, उंची, दिशा आणि लेन्स लिहा. भारतीय विमानांची नोंदणी व्हीटी ने सुरू होते. विमानाच्या मागच्या भागावरची ही अक्षरं वाचता आली तर त्या एका विमानाचा जन्म, वय, आधीचे मालक असा सगळा वंश शोधता येतो. पक्ष्याच्या पायातली कडी वाचण्यासारखंच हे काम आहे.

ओळखायला शिकताना सुरुवात ए३२० आणि बोईंग ७३७ पासून करावी, भारताच्या आकाशात हीच जास्त. ७३७ च्या शेपटीच्या उभ्या पंखाला खाली पुढच्या बाजूने एक तिरकी पायरी असते, ए३२० ला नसते. ७३७ ची मुख्य चाकं आत गेल्यावरही पोटाशी उघडी दिसतात, कारण त्यांना झाकणंच नसतात. इंजिनाचं तोंड खालून किंचित चपटं. समोरून धारदार फोटो मिळाला तर पंख्याची पाती मोजा. जुन्या ए३२० वरच्या सीएफएम५६-५बी ला ३६, निओ या नव्या इंजिनांच्या ए३२० वरच्या लीपला १८, प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर असलेल्या इंजिनाला २०. इंडिगोकडे निओची दोन्ही इंजिनं आहेत, त्यामुळे एकाच रंगातल्या विमानांत हा फरक शोधता येतो.

रात्री ट्रायपॉड लावून ३० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या की विमानांच्या रेघा येतात. त्यातही वाचण्यासारखं असतं. लाल दिवा डाव्या पंखावर, हिरवा उजव्यावर. आकाशात उजवीकडून डावीकडे जाताना लाल रेघ आपल्या बाजूला दिसते. पंखांच्या टोकांचा पांढरा लखलखाट ए३२० कुटुंबात एकापाठोपाठ दोनदा होतो, म्हणून रेघेवर जोडीजोडीने ठिपके पडतात. चंद्रासमोरून जाणारं विमान टिपायचं असेल तर तयारी हवी. माथ्यावरच्या चंद्राची चकती दहा किलोमीटरवर ८७ मीटरएवढी भरते आणि विमान ती एक तृतीयांश सेकंदात ओलांडतं. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा कॅमेरा तीन-चार संधी देतो. ॲपवर विमान चंद्राच्या रेषेत येताना दिसलं की पाच सेकंद आधीच शटर धरून ठेवा. सूर्यासमोरचा हाच प्रयोग लेन्सच्या पुढे सौर फिल्टर बसवल्याशिवाय कधीही करू नका. डोळा आणि सेन्सर दोन्ही जातात.

नागरी विमानतळावरून प्रवास असेल आणि कर्मचाऱ्यांनी मना केलं नसेल तर खिडकी वापरा. सूर्याच्या विरुद्ध बाजूची जागा घ्या. पोलरायझर काढून ठेवा, खिडकीच्या प्लास्टिकमधल्या ताणांमुळे त्यातून इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. लेन्स खिडकीच्या जवळ न्या, टेकवू नका, कंप उतरतो. गडद कापड भोवती धरलं की आतलं प्रतिबिंब जातं. एटीआरचा पंख वर असल्याने खालचा प्रदेश कुठूनही दिसतो, पण मधल्या रांगांसमोर इंजिन आणि चाकांचा फुगवटा येतो.

जवळून भाग पाहायचे तर गोव्यातलं नौदलाचं हवाई संग्रहालय उत्तम. सी हॅरियर, अलिझे, सी हॉक आणि सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभी आहेत. ३५ मिमीची लेन्स पुरते. एकेक फ्लॅप, एकेक बिजागरी टिपून घरी नावं शोधा. उडणारी विमानं पाहायला विषम वर्षांतल्या फेब्रुवारीत बंगळूरच्या येलहंका तळावर भरणारं एरो इंडिया, आणि सम वर्षांत हैदराबादला बेगमपेठेत भरणारं विंग्ज इंडिया. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरत पथकाची नऊ हॉक विमानं एकत्र येतात तेव्हा १०० ते २०० मिमी ठेवा. ६०० मिमी लावून बसलेल्यांना दोनच विमानं मिळतात.

काहींचं एवढ्यावर भागत नाही आणि त्यांना स्वतः उडायचं असतं. नाशिकला सोयीचं ठिकाण धुळे. तिथल्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. विद्यार्थी वैमानिक परवान्याला वय १६, खासगी वैमानिक परवान्याला १७ आणि किमान ४० तास उड्डाण, व्यावसायिक परवान्याला १८ आणि २०० तास. हवामानशास्त्राच्या लेखी परीक्षेत मेटार, दवबिंदू आणि वाऱ्याची दिशा असते. गच्चीवर वही भरणाऱ्याला ते पान उघडल्यावर परकं वाटत नाही. फक्त शुल्क भरण्याआधी वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण रंगांधळेपणासारखी गोष्ट तिथेच पहिल्यांदा कळते आणि तोवर पैसे भरलेले नसलेले बरे.